बुरुल-अपाची दोन बोटं

१

"सोनुन, माझी आई हरवली गं!"

सकाळी सकाळी फोन उचलावा आणि हे कानावर पडावं. मी बिश्केकमधल्या एका क्लाउड कंपनीत ग्राहकांचे फोन घेते. लोक पासवर्ड हरवतात, फायली हरवतात, काही जण तर अक्कलही हरवून बसतात आणि ती आमच्याकडे मागतात. पण आई हरवल्याची तक्रार पहिल्यांदाच आली होती. त्यातून आवाज बुरुल-अपाचा, आणि तिची आई उमसुनाय तर मी शाळेत जायच्या आधीच वारली होती.

"अपा, नीट सांग. रडू नकोस."

"रडू नको तर काय नाचू? ओशहून पाहुणे आले होते, त्यांना ऐकवायला म्हणून तुमच्या क्लाउडमधली गाणी उघडली. पहिल्या अक्षराच्या बायका तेवढ्या आहेत. आयशा आहे, अनारा आहे. पुढे कोणी नाही गं. सगळ्या म्हाताऱ्या गेल्या. माझी उमसुनाय गेली."

बुरुल-अपा आमच्या नारिन गावच्या गाण्यांच्या घराची राखणदार; मोठ्या बाईला आम्ही अपा म्हणतो. तरुणपणी घोड्याच्या खोगिराला टेपरेकॉर्डर बांधून ती डोंगरातल्या कुरणाकुरणांतून हिंडली आणि म्हाताऱ्या बायकांच्या अंगाया, त्यांची मरणाची रडगाणी टेपवर घेऊन आली. त्या बायका आता एकही उरलेल्या नाहीत. टेपा ओलीने चिकटल्या होत्या. अपाने एकेक करून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि उतरवता उतरवता त्या तुटत गेल्या. मागच्या महिन्यात तो सगळा साठा आमच्या क्लाउडमध्ये पाठवला होता. निदान पाठवला असं आम्ही सगळे समजत होतो.

मी धावत आमचे साहेब दूलोत-बाइके, म्हणजे दूलोतदादा, यांच्याकडे गेले. त्यांनी नोंदी उघडल्या आणि खुर्चीत मागे रेलले.

"आपला काही दोष नाही, सोनुन. हे बघ, पाठवणं सुरू झालं आणि लगेच थांबलं. कारण लिहिलंय, पाठवणाऱ्याने स्वतः कीबोर्डवरून थांबवलं. तुझ्या अपाने मुद्दाम बंद पाडलं."

"अपा? ती कशाला बंद पाडेल?"

"तिच्याच साहेबांना विचार ना."

अपाचे साहेब म्हणजे कुबानिच. त्यांचं पत्र दुपारी आलंच. बुरुल यांना निवृत्त करायचं ठरलं होतं. 'माझ्या बायका मी परक्या घरी पाठवणार नाही' असं त्या भर सभेत म्हणाल्या होत्या. रागाच्या भरात त्यांनी ठेव्याचा नाश केला. शुक्रवारच्या बैठकीत त्यांना कामावरून काढून तसं कागदोपत्री नोंदवणार. नारिन केवढं? सगळं गाव एका ताटात जेवल्यासारखं. असा डाग घेऊन बाई पाण्याला तरी कशी जाईल?

मी पुन्हा फोन लावला. "अपा, घाबरू नकोस. तुझ्या कॉम्प्युटरवर मूळ गाणी आहेत ना? परत पाठवू."



"ती मीच पुसली, सोनुन," अपा म्हणाली. "माझ्या या हातांनी."

२

अशा वेळी आमच्या कंपनीत एकच दार ठोठावायचं असतं, ते म्हणजे साल्किन-एजेंचं, साल्किनताईंचं. एजे जन्मभर शाळेत शिकवत होत्या आणि आता आमच्या मदतीच्या पानांची भाषा तपासतात. परीक्षेत कोणी कुणाचं बघून लिहिलंय, हे त्या उत्तरपत्रिका नुसती हुंगून सांगायच्या म्हणे. पोरं आडून त्यांना 'ससाणा' म्हणायची. एजेंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी धडाधडा सगळं सांगितलं. एजेंनी चहात नेहमीसारखं मीठ घातलं, ढवळलं आणि विचारलं, "तिने आपल्याला काही पत्र पाठवलं होतं का त्या दिवशी?"

होतं. आमच्या पानावर तसंच सांगितलंय: पडद्यावरच्या काळ्या खिडकीत पाठवण्याची कमांड टाइप करा. पडद्यावर पावतीचा नंबर येईल. तो माऊसने निवडा, कंट्रोल आणि सी ही दोन बटणं एकदम दाबून त्याची नक्कल घ्या, आणि पत्रात चिकटवून आम्हाला पाठवा. खिडकीत पुन्हा नवी ओळ आली की पाठवणं पूर्ण झालं. मग जागा मोकळी करायला पुसण्याची कमांड द्या. पानाच्या तळाशी ठळक अक्षरांत, 'सर्व यंत्रांवर तपासले.'

एजेंनी अपाचं पत्र वाचलं. "नंबरात मध्ये मध्ये मोकळी जागा का गं सोडलीय?"

"सोडली असेल. म्हातारं माणूस."

"नक्कल करून चिकटवला असता तर जसाच्या तसा आला असता. हा बघून बघून, थांबत थांबत टाइप केलाय." त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "आणि पाठवणं थांबलं कधी?"

मी नोंद बघितली. पाठवणं थांबलं आणि लगोलग हे पत्र निघालं होतं. मध्ये एवढासा मजकूर लिहिण्यापुरताच वेळ गेला होता. म्हणजे त्या वेळी कीबोर्डवर अपाच होती, दुसरं कोणी नव्हतं.

"एजे, हे दूलोत-बाइकेंना नका सांगू."

"मी कुणाला काही सांगत नसते. मी विचारत असते. किलिचला बोलव."

हे पान किलिचने लिहिलेलं. पोरगा हुशार, पण टीका झाली की त्याचे कान लाल होतात.

"एजे, पानात चूक नाही!" आल्या आल्याच तो भांडायला उभा. "मी तीन-तीन यंत्रांवर तपासलंय. ऑफिसच्या, माझ्या घरच्या आणि सासूबाईंच्या!"

"सासूबाईंच्या यंत्रावर काय आहे?"

"विंडोज. आणखी काय असणार?"

"आणि घरी?"

"विंडोजच. एजे, तुम्ही पण ना!"

"बस खाली. चहा घे," एजे म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "सोनुन, उद्याच्या गाडीत दोन जागा सांगून ठेव. नारिनला जायचंय."

"काही कळलं का?"

"एवढं कळलं की तुझ्या अपाने ते थांबवलं. आपल्याच हाताने."

मी रात्रभर तळमळत होते.

३

दोलोनच्या घाटात बर्फ पडायला लागलं होतं. गाडीभर मी एजेंशी बोलले नाही. त्यांनी मला खारवलेल्या दह्याचं वाळकं कुरुत देऊ केलं, तेही घेतलं नाही. एजे आपल्या खुशाल चघळत बसल्या.

कुबानिच साहेबांनी गाण्यांच्या घरातच आमचं स्वागत बरं केलं. माणूस तसा वाईट नाही, पण खुर्चीवर बसला की आपण स्वतःच सरकार आहोत असं त्याला वाटतं.

"मला वाईट वाटतंय हो," ते म्हणाले. "बुरुल-अपांनी माझ्या मुलीच्या पाळण्याला पहिली दोरी बांधली. पण नियम म्हणजे नियम. त्या स्वतःच कबूल करतात, पुसलं म्हणून!"

"गाण्यांच्या घराची ही खोली आता रिकामी होईल, नाही का?" एजेंनी सहज विचारलं.

साहेबांचा चेहरा पडला. "कोण म्हणतं?"

"भिंतीला नवा रंग लागलाय. टेपांच्या कपाटाच्या जागी मोठं टेबल आलंय. छान आहे टेबल."

"ते... ते माझ्या कचेरीसाठी. पण ते आधीच ठरलं होतं! गाणी क्लाउडमध्ये गेली की खोली मोकळी. एजे, माझ्यावर संशय घेता?"

त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असं मी रागाने विचारणार होते, एवढ्यात एजेंनीच विचारलं. साहेब तर आत-बाशीला पुतणीच्या लग्नात होते, आणि तिथे त्यांनी केलेल्या भाषणाचा व्हिडिओसुद्धा होता. तो त्यांनी आम्हाला दाखवला. पूर्ण दाखवला. शिक्षा म्हणतात ती हीच.

"दुसरं कोणी आत शिरलं असेल का? खोलीची किल्ली?" मी अजून आशा धरून होते.

"किल्ली अपांच्या गळ्यात असते. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत."

म्हणजे झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरच सापडत नव्हता. फिरून फिरून बोट अपाकडेच वळत होतं.

बाहेर पडताना एजे दारातल्या एका फोटोपाशी थांबल्या. त्यात अपा तिच्या कॉम्प्युटरशेजारी उभी होती, शाळेच्या फोटोला उभं राहावं तशी ताठ. कॉम्प्युटरच्या पेटीवर काहीतरी चिकटवलेलं होतं.

"हे काय आहे गं?"

"बदक," मी फणकाऱ्याने म्हणाले. "काळं-पांढरं बदक. अपाला बदकं आवडतात, हा पण गुन्हा का?"

एजे फोटोच्या एवढ्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासाने काच धूसर झाली. मग त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की कुबानिच साहेब आतून धावत आले.

४

अपाने दार उघडलं. एका दिवसात बाई अर्धी झाली होती. तरी तिने जेवणाचं दस्तरखान अंथरलं, कणकेचे बोर्सोक तळले, जरदाळूचा मुरंबा काढला. आमच्याकडे फाशी जायच्या दिवशीसुद्धा पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत.

"खा गं, सोनुन. शहरात वाळलीस नुसती."

"अपा, मी दीडपट झालेय."

"मग काय झालं? अजून खा."

एजेंनी घासभर खाल्लं आणि मग म्हणाल्या, "बुरुल, त्या दिवशी काय केलंत ते तोंडाने नका सांगू. हातांनी दाखवा. हे टेबल म्हणजे कीबोर्ड समजा."

अपाने एप्रनला हात पुसले. "मी पान शेजारी ठेवलं. एकही पायरी गाळली नाही, विचारा कुणालाही! कमांड टाकली. म्हाताऱ्यांची नावं भराभरा खाली धावायला लागली. वर पावतीचा नंबर आला. तो माऊसने असा रंगवला. आणि मग..." तिने डाव्या हाताची करंगळी टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवली आणि पहिलं बोट जरा वर. दोन्ही एकदम दाबली. "कंट्रोल आणि सी."

"मग?"

"मग पत्रात चिकटवायला गेले, तर मेला तो नंबर चिकटेचना. कागदावर उतरवून घेतला आणि टाइप केला. परत येऊन बघते तर नावं धावायची थांबली होती आणि नवी ओळ आलेली. मला वाटलं, वा! काय वेगाचं आहे तुमचं यंत्र. मग पुसायची कमांड टाकली. एक इंग्रजी ओळ आली, आणि संपलं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळ्याजणी गेल्या." ती आपल्या त्या दोन बोटांकडे बघत राहिली. "मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही हो निरोपाचा."

एजेंनी तिची ती दोन बोटं आपल्या हातात घेतली. "आणि कॉम्प्युटरवर ते बदक कुणी चिकटवलं?"

"भाच्याने. एदिलने. यंत्र म्हातारं झालेलं, विंडोज त्याला ओढवेना. उघडायला लावलं की दूध उतू जाऊन परत थंड व्हायचं. एदिल म्हणाला, मावशी, याच्यात दुसरं हलकं काहीतरी घालतो. ते घातलं आणि वर त्याचं बदक."

"ते बदक नाही. पेंग्विन आहे. विंडोजच्या जागी घालतात त्या लिनक्सची खूण."

अपाला त्याचं काय? ती मुरंब्याची वाटी एजेंकडे सरकवत होती. मला मात्र आता कुठे उजेड पडायला लागला होता.

"बुरुल," एजे उठूनच उभ्या राहिल्या, "आत्ता कुठे आहे ते यंत्र?"

"ते? रिकामं झालं म्हणून साहेबांनी देऊन टाकलं. बालवाडीला. पोरांच्या खेळांसाठी."

महिनाभर! बालवाडीत! एजेंनी कोट घालताना डावा हात उजव्या बाहीत घातला. ससाण्याला घाबरलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

५

कुबानिच साहेबांना आम्ही वाटेतूनच उचललं. ते "पण नियम... पण नियम..." करत मागून आले. बालवाडीच्या बाई, गुलसायरा, दारातच ओठांवर बोट ठेवून उभ्या. मुलांची दुपारची झोपेची वेळ होती.

"कॉम्प्युटर?" त्या कुजबुजल्या. "आहे ना. पण साहेब, राग नको, तो काही कामाचा नाही. लावला एकदा, तर नेहमीची चित्रंच नाहीत. कुठे काय दाबायचं कुणाला कळेना. आमच्या लेखनिकबाई म्हणाल्या, हा विंडोज नाही, हात लावू नका, बिघडेल. म्हणून झाकून ठेवलाय."

त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात विणलेला पांढरा रुमाल, त्यावर जिरेनियमची कुंडी, आणि रुमालाखाली ते बदक. एजेंनी कुंडी उचलली आणि यंत्र सुरू केलं. ते म्हातारं कण्हत कण्हत जागं झालं.

आणि सगळ्या तिथेच होत्या. आयशा, अनारा, बातमा, झियाश, खाली खाली नावांवर नावं, आणि आमच्या लिपीत उ मागे येतो म्हणून जवळजवळ शेवटी उमसुनाय. कुठे म्हणून एक केस वाकडा झालेला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही दोलोनच्या घाटातून घातला होता.

अपा मटकन बसली, तीही मुलांच्या एवढ्याशा खुर्चीत. "पण मी तर पुसलं होतं!"

"तुम्ही पुसण्याची कमांड दिलीत. किलिचने लिहिली होती ती विंडोजची. ती इंग्रजी ओळ म्हणजे यंत्र सांगत होतं, बाई, ही कमांड मला ठाऊकच नाही. कालपासून मी हाच विचार करत होते, पण तुमच्या यंत्रात काय आहे ते कळेना. त्या बदकाने सांगितलं. ज्याने थांबवण्यात घोळ घातला, तोच पुसण्यातही घालणार. एकाच हाताचं लिहिलेलं पान ते."

कुबानिच साहेबांनी घसा साफ केला. "गाणी मिळाली, आनंद आहे. पण पाठवणं मध्येच बंद पाडलं, ते तर यांनीच ना? नोंदच आहे तशी."

मला त्यांच्या डोक्यात ती कुंडी घालावीशी वाटली. एजेंनी मात्र गोड हसून त्यांना खुर्ची दिली.

"या ना साहेब. मी गाण्यांची एक प्रत या पेनड्राइव्हवर उतरवायला लावते. बघा, नावं धावायला लागली. आता ही वरची ओळ माऊसने निवडा. हं. आणि तिची नक्कल घ्या."

"कशी?"

"तुम्ही रोज घेता तशी."

साहेबांनी कंट्रोल आणि सी दाबलं. रोजच्या सवयीने, न बघता.

नावं जागच्या जागी थांबली. खाली नवी ओळ आली.

"अरेच्चा! हे कसं बंद पडलं?"

"तुम्ही पाडलंत, साहेब," एजे म्हणाल्या. "आपल्याच हाताने. विंडोजमध्ये अक्षरं निवडून ही दोन बटणं दाबली की नक्कल होते. लिनक्सच्या काळ्या खिडकीत हीच दोन बटणं दाबली की चाललेलं काम थांबतं. म्हणून नंबर चिकटला नाही, म्हणून तो हाताने लिहावा लागला, आणि म्हणून थांबणं आणि पत्र पाठोपाठ आले. त्यांनी पानावरचा शब्द न् शब्द पाळला. तोच गुन्हा झाला. आता शुक्रवारच्या बैठकीत तुम्हालाही काढायचं का?"

साहेबांचे कान किलिचपेक्षा लाल झाले. त्यांनी टोपी काढली. "अपा, मी गाढव आहे."

"गाढव कसलं," अपा डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही पण पानावरचंच वाचलंत."

मी दूलोत-बाइकेंना फोन लावला आणि लाऊडस्पीकरवर टाकला. पलीकडे किलिचही होता. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "पण मी तीन यंत्रांवर..."

"तिन्ही एकाच आईची लेकरं होती, किलिच," एजे म्हणाल्या. "ज्यांचं यंत्र आपल्यासारखं नसतं, तेसुद्धा आपली पानं विश्वासाने वाचतात रे. तळची ओळ काढ, लिनक्सच्या पायऱ्या वेगळ्या लिही, आणि छापायच्या आधी बुरुल-अपांकडून करून घे. त्यांना चुकता येत नाही, हे आता सिद्ध झालंय. आणि दूलोत, कुबानिच साहेबांना आज पत्र पाठवायचं, की चूक आपल्या पानाची होती. सही तुमची."

"हो, एजे," दूलोत-बाइके म्हणाले. तेसुद्धा त्यांच्या वर्गात होते.

साहेबांनी तिथल्या तिथे शुक्रवारची बैठक रद्द केली. नवं टेबलही परत पाठवतो म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "अपा, एकदा ऐकवाल का? आईंचं?"

अपाने उमसुनायचं नाव दाखवलं आणि एजेंनी ते सुरू केलं. आधी खरखर, कुठेतरी कुत्रं भुंकलं, कुणीतरी चुलीत लाकूड सारलं. आणि मग म्हातारीचा आवाज, जरा घोगरा, पाळण्याच्या झोक्यावर जाणारा. पलीकडच्या खोलीत एक पोर कुरकुरत होतं, ते गप्प झालं. अपाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझंही तेच चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळाने गुलसायरा दारातून डोकावल्या. "गाडी आलीय, साहेब. यंत्र न्यायचंय ना? बंद करता?"

"अपा," कुबानिच साहेब हळूच म्हणाले, "कसं थांबवायचं हे?"

अपाने दोन्ही हात कोटाच्या खिशांत खोल घातले.

"मला नका विचारू, साहेब. मी आता कशालाही बोट लावणार नाही. थांबवायचं तर तुम्ही थांबवा."

साहेबांनी बोट पुढे केलं, कीबोर्डवर क्षणभर धरलं, आणि मागे घेतलं. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत राहिला. आम्ही सगळे त्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसून राहिलो, आणि उमसुनायने आपली अंगाई पूर्ण म्हटली.